बालकांचा रक्ताचा कर्करोग : उपचार अडीच वर्षांचा, सोबतही तेवढीच हवी



मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले की आपल्या पाड्यांवर, आणि मंडळ्यांमध्येही, दोन गोष्टी बोलल्या जातात. पहिली : "हा आजार बरा होत नाही, उगाच पैसा घालवू नका." दुसरी महिन्या-दीड महिन्याने, मूल पुन्हा खेळू लागल्यावर : "देवाने बरे केले, आता औषध कशाला?" पहिल्या बोलण्यामुळे मूल दवाखान्यात पोहोचतच नाही. दुसऱ्यामुळे पोहोचलेले मूल अर्ध्या वाटेवरून परत येते. दोन्ही गोष्टी मायेपोटीच बोलल्या जातात, पण दोन्हींमुळे मुले दगावतात.

हा आजार काय आहे, त्याचा उपचार इतका लांब का चालतो, मुलाभोवती कोणकोण उभे असते आणि त्यात आपल्या मंडळीची जागा कोणती, हे या लेखात समजून घेऊ.

आजार काय आहे

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. ल्युकेमियामध्ये तिथे एकाच प्रकारच्या अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी कमी झाल्या की मूल फिकट पडते, दमते. कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्या की ताप पुन्हा पुन्हा येतो. प्लेटलेट कमी झाल्या की नाकातून, हिरड्यांतून रक्त येते आणि मार न लागताही अंगावर निळे-काळे डाग उठतात. हाडे दुखतात, मूल लंगडते, मानेत गाठी येतात, पोट फुगते.

मुलांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत ल्युकेमिया सर्वांत जास्त आढळतो, आणि त्यातही लिम्फोब्लास्टिक म्हणजे "एएलएल" हा प्रकार. तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. तो आईबापांच्या पापाचे फळ नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला असाच प्रश्न विचारला होता, आणि प्रभूने ती समजूत बाजूला सारली होती. सातपुड्यात आजही मुलाच्या आजारपणाचा ठपका एखाद्या बाईवर डाकीण म्हणून ठेवला जातो. तिथे विश्वासणाऱ्यांनी स्पष्ट बोलले पाहिजे : हा रक्ताचा आजार आहे, कोणी केलेली करणी नव्हे.

आदिवासी भागात निदानाची एक वेगळी अडचण आहे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेल बराच आढळतो. फिकटपणा, हाडांचे दुखणे, ताप ही लक्षणे त्यातही असतात. त्यामुळे "सिकलसेलच असेल" म्हणून पुढची तपासणी राहून जाते. लिम्फोमा हा रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा मोठा गट. त्यात मानेत गाठी येतात, आणि त्या क्षयाच्या समजून मुलाला महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. यात दोष कोणा एकाचा नाही, कारण ही लक्षणे खरोखरच सारखी दिसतात. पण दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढता फिकटपणा आणि अंगावर डाग असे एकत्र दिसले, तर ग्रामीण रुग्णालयात रक्ताची साधी तपासणी, म्हणजे सीबीसी, करून घ्यावी आणि रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे. क्षयाच्या औषधांनी गाठ कमी होत नसेल, तर तिचा तुकडा तपासायला सांगावे. आश्रमशाळेतील अधीक्षिका, आशाताई, अंगणवाडीताई आणि रविवारशाळेचे शिक्षक यांना एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ काम होते.

सदाफुली आणि एका भारतीयाची कामगिरी

१९४० च्या दशकापर्यंत ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असे. १९४८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी अ‍ॅमिनोप्टेरिन नावाच्या औषधाने काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच औषधाचे भावंड असलेली मेथोट्रेक्सेट ही गोळी आजही या मुलांच्या उपचारात असते.

दुसरे महत्त्वाचे औषध, व्हिन्क्रिस्टिन, सदाफुलीपासून मिळते. होय, आपल्या अंगणात आणि देवळाच्या आवारात बारा महिने फुलणारी तीच सदाफुली. पण यावरून कोणी तिचा पाला वाटून मुलाला देऊ नये. झाडात विषारी द्रव्येही असतात. औषध त्यातून वेगळे काढून, मुलाच्या उंची-वजनाप्रमाणे मोजून, शिरेतूनच द्यावे लागते.

अशी औषधे एकत्र, ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत बसल्यावर चित्र पालटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. औषधे बहुतेक तीच आहेत. फरक पडतो तो उशिरा निदान, जंतुसंसर्ग, कुपोषण आणि मध्येच सोडलेला उपचार यांमुळे. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे ध्येय या संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. यातला अर्धे सोडलेल्या उपचाराचा भाग असा आहे, की तिथे आपल्यासारखी साधी माणसेही मदत करू शकतात.

अडीच वर्षे का लागतात

एएलएलचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा. तो संपताना बहुतेक मुलांच्या मगजात कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ दिसेनाशा होतात. ताप जातो, भूक लागते, मूल हसू लागते. याच वेळी घरचे म्हणतात, "बरे झाले, चला."

शेतातल्या हरळीचे उदाहरण आईबापांना लगेच पटते. वरवर उपटली की रान स्वच्छ दिसते, पण मुळी खाली राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा वर येते. या पेशींचेही तसेच आहे. न दिसणाऱ्या कितीतरी पेशी मगजात, मेंदूभोवतीच्या पाण्यात, मुलग्यांच्या वृषणात दडून असतात. म्हणून पुढचे काही महिने जोरदार औषधे, पाठीच्या कण्यातून दिली जाणारी इंजेक्शने, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षे मुख्यतः गोळ्या. अर्ध्यावर सोडल्यावर आजार उलटला, तर त्याच औषधांना तो सहसा तितकी दाद देत नाही.

सगळ्या प्रकारांचे वेळापत्रक सारखे नसते. एएमएल या ल्युकेमियाचा उपचार काही महिन्यांचाच, पण फार कडक; त्यात मूल बहुतेक काळ रुग्णालयात राहते. हॉजकिन लिम्फोमा हा मुलांच्या कर्करोगांत चांगला बरा होणाऱ्यांपैकी एक.

मुलाभोवती कोणकोण असते

समजा, धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरची सहा वर्षांची मुलगी मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचली. १९४१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय तिच्या घरापासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर. तिला तिथे एकटे डॉक्टर बरे करीत नाहीत.

बालकर्करोगतज्ज्ञ उपचार ठरवतात. प्रयोगशाळेतील तज्ज्ञ पेशींचा नेमका प्रकार सांगतात, कारण औषधांचा जोर त्यावर ठरतो. सिस्टर औषध देतात, सुईची जागा सांभाळतात आणि आईला शिकवतात : उकळलेले पाणी, ताजे शिजलेले गरम अन्न, हात धुणे, आणि तापाचा नियम. तो नियम प्रत्येकाने पाठ करावा. केमो चालू असलेल्या मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर ती तातडीची वेळ असते. सकाळची वाट पाहायची नाही, घरी तापाची गोळी देऊन थांबायचे नाही. रुग्णालयाच्या नंबरवर फोन करून, कार्ड आणि फाइल घेऊन, जवळच्या दवाखान्यात लगेच पोहोचायचे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जीव घेऊ शकतो.

आहारतज्ज्ञांचे काम वरून लहान वाटते, पण कुपोषित मुलाला औषध झेपत नाही. अंडी, डाळ, शेंगदाणे, नाचणी, दूध हे मुलीच्या ओळखीचे अन्न तिच्या पोटात कसे जाईल, हे ते पाहतात. मानसतज्ज्ञ आणि खेळ घेणाऱ्या ताई सुईची भीती कमी करतात. स्टेरॉइडमुळे मुलगी चिडते, सारखे खायला मागते, चेहरा फुगतो. हा औषधाचा परिणाम असून तो जाणारा आहे, हे आईला कोणीतरी सांगावे लागते. शिक्षक अभ्यास चालू ठेवतात, म्हणजे दोन वर्षांनी तिची शाळा तुटलेली नसते.

मग समाजसेवक. उपचार अर्ध्यावर न सुटण्यात यांचा वाटा फार मोठा. रेशनकार्ड, आधार, दाखले पाहून ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये नाव बसवतात. या योजनांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत रोख न भरता मिळू शकतात. कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर वर्गात पूर्ण आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के भाडेसवलत आहे. त्याचा अर्ज तेच भरून देतात. राहण्याची सोय नसली की कुटुंब पदपथावर दिवस काढते आणि मग घर गाठते. म्हणून दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६ पासून मुलांसाठी मोफत निवास देणारी सेंट ज्यूड संस्था यांचे मोल औषधाइतकेच आहे. टाटा रुग्णालयात मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन काम करते. पैसा, निवास, आहार, समुपदेशन आणि तारीख चुकलेल्या कुटुंबाला फोन करून परत बोलावणे, हे सगळे एकत्र बांधल्यावर तिथे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले.

शेवटी रक्तपेढी. दान केलेल्या रक्तातील तांबड्या पेशी महिनाभर टिकतात, पण प्लेटलेट फक्त पाच दिवस. म्हणून नाताळात एकदा मोठे रक्तदान शिबिर घेतले की वर्षाची सोय झाली, असे होत नाही. वर्षभर, पाळीपाळीने देणारे लोक लागतात.

मंडळीची जागा

ही सारी माणसे परळमध्ये आहेत. पण अडीच वर्षांतला मोठा भाग, विशेषतः गोळ्यांचा काळ, मूल घरी असते. तिथे मुंबईची सिस्टर नसते. तिथे आपण असतो. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणले आणि गर्दीमुळे दार अडले तेव्हा छप्पर उघडून खाली सोडले. बरे करणारा प्रभू होता, पण चौघांपैकी एकानेही खाटेची बाजू मध्येच सोडली असती तर? आपल्याला धरण्याच्या बाजू अशा :

भाषा. मुलीची आई पावरी बोलते. मुंबईची मराठी तिला निम्मीच कळते, आणि कळले नाही हे सांगायला ती बुजते. तिची बोली आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या एका प्रचारक बंधूने किंवा भगिनीने डॉक्टरांशी बोलणे होताना फोनवर हजर राहावे. औषधांचा कागद घरी पुन्हा समजावून सांगावा.

गोळ्यांचा वार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. डॉक्टरांना विचारून तो वार रविवार ठेवता आला, तर भक्ती संपल्यावर पाळकसाहेब एकच प्रश्न विचारू शकतात : "आजची गोळी झाली का?"

निसटण्याचे दिवस. उपचार कधी सुटतो हे आपल्याला मुंबईकरांपेक्षा जास्त कळते. जूनची पेरणी, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणे, आणि होळी. या दिवसांच्या आधीच तारखा पाहाव्यात. बाप मुंबईत असताना त्याच्या रानात दोन दिवस नांगर धरणे, मागे राहिलेल्या भावंडांना जेवू घालणे, शेळ्या पाहणे ही उपचाराचीच मदत आहे. पुष्कळदा घर आईबापांना माघारी ओढते ते याच काळजीने.

भेट. प्रार्थनेसाठी दहाजणांनी मुलाच्या खाटेभोवती गर्दी करू नये. दोघांनी जावे, हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर दारातूनच प्रार्थना करावी. गावात गोवर-कांजिण्या असतील तर लगेच डॉक्टरांना कळवावे. या मुलांना त्या फार घातक ठरतात. कापलेली फळे, उघड्यावरचा खाऊ नेऊ नये.

साक्ष. हा मुद्दा नाजूक आहे, पण बोललाच पाहिजे. पहिल्या महिन्यानंतर मूल टवटवीत दिसते आणि सभेत त्याची साक्ष होते. उपकारस्तुती जरूर करावी. देवाने वैद्य आणि औषध दिले याबद्दलही करावी. पण त्याच साक्षीत मोठ्याने सांगावे, "उपचार अजून चालू आहे, शेवटची गोळी होईपर्यंत आम्ही थांबणार नाही." चारचौघांत "पूर्ण बरा झाला" असे जाहीर झाले, की आईबापांना पुढच्या तारखेला जाणे अविश्वासासारखे वाटू लागते. हे ओझे मंडळीने त्यांच्यावर घालू नये. शेवटची गोळी घेतल्याचा दिवस मात्र सगळ्यांनी मिळून साजरा करावा.

जेव्हा मूल वाचत नाही

सगळी मुले बरी होत नाहीत, हे लपवून ठेवणे बरोबर नाही. काहींचा आजार औषधाला दाद देत नाही, काहींचा उलटतो. अशा वेळी "आता काही करण्यासारखे नाही" हे वाक्य खरे नसते. वेदना कमी करणे, श्वास सुसह्य करणे, मुलाला आवडत्या माणसांजवळ ठेवणे, आईबापांना सावरणे, याला परिहार सेवा म्हणतात. वेदनाशमन तर निदानाच्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवे. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक डेम सिसिली साँडर्स या स्वतः परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या, आणि ख्रिस्ती विश्वासातून काम करीत राहिल्या. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झाले. कर्करुग्णांची तिथली सेवा धर्मभगिनी करीत आल्या आहेत.

पाड्यावर परतलेल्या अशा मुलाच्या घरी आपण उत्तरे घेऊन जाऊ नये. "विश्वास कमी पडला" हे तर कधीच म्हणू नये. जवळ बसावे, पाणी भरावे, रात्र वाटून घ्यावी. आणि दफनानंतर महिनाभराने, जेव्हा कोणी येत नाही, तेव्हा पुन्हा जावे.

आपल्या मंडळीसाठी तीन कामे

पुढील तिमाहीत प्रत्येक मंडळीने एवढे करावे अशी विनंती आहे. १८ वर्षांवरील निरोगी रक्तदात्यांची यादी रक्तगटासह तयार ठेवावी. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. पाड्यावरील बोली आणि मराठी दोन्ही येणारी, फोन असलेली एक व्यक्ती नेमावी. आणि आपल्या भागात असे मूल असेल, तर त्याच्या रुग्णालयाच्या तारखा पाळकांच्या वहीत लिहून ठेवाव्यात. मुलाचे नाव आणि फोटो मात्र आईबापांच्या संमतीशिवाय कुठेही, सोशल मीडियावरही, देऊ नयेत.

प्रार्थनेसाठी विषय

१. उपचार घेत असलेली आदिवासी मुले आणि घरापासून दूर राहणाऱ्या त्यांच्या माता.

२. मागे राहिलेली भावंडे. त्यांची शाळा व जेवण.

३. सिस्टर, डॉक्टर, समाजसेवक, आहारतज्ज्ञ आणि रक्तपेढीतील कर्मचारी. त्यांना थकव्यात बळ मिळावे.

४. आशाताई, अंगणवाडीताई व आश्रमशाळांतील कर्मचारी. त्यांना लक्षणे वेळीच ओळखता यावीत.

५. उपचार सोडून परतलेली कुटुंबे. त्यांनी पुन्हा जाण्याचे धैर्य करावे आणि त्यांना दोष न देता सोबत करणारे कोणी भेटावे.

६. मूल गमावलेले आईबाप.